लायसनचं पुस्तक

"खाडे, तुमचं नाव इथं नाहीच," आरटीओ ऑफिसातल्या मगदूम बाई म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

रजिस्टर म्हणजे पसरलेल्या वर्तमानपत्राएवढं. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, शाई तांबूस पडलेली. बाईंचं बोट ज्या ओळीवर होतं तिथं माझाच लायसन नंबर होता, आकडा न आकडा. माझं लायसनचं पुस्तक शेजारीच उघडं ठेवलेलं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, परत इकडे बघितलं. नंबर तोच. पुढं नाव मात्र भलत्याचंच. मुलाणी सिकंदर दस्तगीर, मुक्काम तळखडी.

"ओळखता?" बाईंनी विचारलं.

"ऐकून आहे," मी म्हणालो.

हे काही खोटं नव्हतं. सिकंदरला मी कधी पाहिलेलंच नव्हतं. ज्यांच्या हाताखाली मी गाडी शिकलो त्या दस्तगीर वस्तादांचा तो एकुलता एक मुलगा. मी क्लीनर म्हणून वस्तादांच्या ट्रकवर चढलो, त्याच्या आदल्या वर्षी तो काविळीनं तीन दिवसांत गेला होता. त्याचं नाव ट्रकमध्ये कधी निघत नसे. मीच एकदा काढलं होतं, तेव्हा वस्तादांनी चालू गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चारही टायर तपासले आणि परत येऊन बसले. त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एका दूध संघाच्या टँकरवर होतो. रोज दोन घाट उतरायचे, दोन चढायचे. बावीस वर्षांत माझ्या हातून कुणाचं कोंबडंसुद्धा मेलं नव्हतं, आणि याची मला घमेंड होती. मग संघात नवीन मॅनेजर आला. त्यानं फतवा काढला की जुनी पुस्तकं चालणार नाहीत, सगळ्या ड्रायव्हरांनी शनिवारपर्यंत कार्डाचं लायसन दाखवायचं, नाहीतर निदान ऑफिसची पोच. ज्याच्याकडे नसेल त्याच्या टँकरची चावी दुसऱ्याला. आमच्या गावच्या ऑफिसात गेलो तर तिथला कारकून म्हणाला, तुमचा नंबर कॉम्प्युटरमध्ये नाही, जिथून पुस्तक निघालं त्या ऑफिसच्या रजिस्टरमधून उतारा आणा. म्हणून शुक्रवारी सकाळी मी दोनशे किलोमीटर लांबच्या या जिल्ह्याला आलो होतो. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. त्या ऑफिसचा यात काही दोष नव्हता आणि मगदूम बाईंचं आडनावही मी बदललेलं आहे.

तुम्ही म्हणाल, बावीस वर्षांत एवढंही कळलं नाही? नाही कळलं. आमच्या धंद्यात ड्रायव्हर कधी ऑफिसात जात नाही, त्याचं पुस्तक जातं. हेवीचं, म्हणजे जड गाडीचं, लायसन दर तीन वर्षांनी नवं करायचं असतं आणि नेमका त्या दिवशी माणूस कुठंतरी माल उतरवत असतो. मग पुस्तक एजंटाकडे द्यायचं, आठवड्यानं शिक्का पडून परत येतं. माझं पुस्तक तर थेट एजंटाकडेही जात नसे. आधी ते तळखडीला वस्तादांकडे पाठवायचं, ते दोन दिवस ठेवून घेणार, मग एजंटाकडे देणार. परत येतानाही तसंच, वस्तादांकडे दोन दिवस. मला वाटायचं, म्हातारा शिष्याच्या कागदपत्रांची काळजी करतो. मी लोकांना कौतुकानं सांगायचो सुद्धा.

बाईंनी पुस्तक उचललं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला माझा फोटो होता, अठरा वर्षांचा, केसाला भरपूर तेल लावलेला. त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला.

"फोटो जाड लागतोय," त्या म्हणाल्या. "एकावर एक दोन असावेत. पुठ्ठा आमचा आहे, शिक्काही आमचा आहे. आतली पानं बदललीत. आणि हे नूतनीकरणाचे शिक्के आहेत ना, हे एकही आमचे नाहीत."

"एकही नाहीत?"

"सातच्या सात खोटे."

मी वाकून शिक्के मोजले. सातच भरले.

"बाई, माझी गाडी जाईल. दोन मुली शिकतायत. मला दुसरं काही येत नाही हो."

"हे पुस्तक मी आत्ता जप्त करायला हवं आणि वर कळवायला हवं," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "साहेब बाहेर गेलेत, पाच वाजता येतील. तोवर मी हे पाहिलेलं नाही. काय करायचं ते ठरवा आणि या. नाही आलात तरी चालेल. फक्त या पुस्तकावर पुन्हा गाडी चालवू नका."

बाहेर फाटकाजवळ एजंटांची रांग होती. माझा चेहरा बघून शिंत्रे नावाच्या एका एजंटानं मला स्वतःच खुर्ची दिली. आमच्यासारख्यांची तोंडं बघून त्यांना आजार कळतो. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता.

"रजिस्टरला त्या पोराची मयत नोंद आहे?"

"नाही. नुसतं नाव आहे."

"मग तो जिवंत आहे."

"अहो, काविळीनं गेला. गावाला माहीत आहे."

"गावाला असेल. इथं जिवंत आहे." त्यानं टाइपरायटरवरचं फडकं काढलं. "सोपं आहे. सिकंदर मुलाणी हयात आहे, त्यानं नाव बदललं, आता तो धोंडिराम खाडे. बापाचं प्रतिज्ञापत्र लावायचं, नावबदलाचा अर्ज मी भरतो. पाचच्या आत पुस्तक जमा करा, पोच घ्या, उद्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. बाप आहे ना?"

"आहे."

"सही करेल?"

"माहीत नाही."

"करेल. बाप स्वतः सांगतोय हा माझा मुलगा, तर पोलीस मध्ये कशाला पडतील?"

"पुस्तक परत मिळेल का?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. एवढी वर्षं खिशात होतं म्हणून असेल.

"जुनी पुस्तकं परत देत नाहीत. गठ्ठ्यात जातात, मग रद्दीत. कार्ड मिळाल्यावर पुस्तकाचं काय लोणचं घालायचंय?"

पंधरा मिनिटांत कागद तयार झाला. मी तो दुमडून पुस्तकाबरोबर वरच्या खिशात ठेवला आणि तळखडीला जाणारी वडापची जीप पकडली. पाठीमागे तेरा माणसं, पुढं ड्रायव्हरसकट चौघं. ड्रायव्हर कोवळा होता, एका हातानं चालवत होता, दुसऱ्यानं मोबाइल. एरवी मी त्याला झापलं असतं. त्या दिवशी गप्प बसलो. त्याच्या खिशातलं पुस्तक कुणाचं असेल देव जाणे, आणि झापणारा मी कोण?

मला वस्तादांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. ज्या माणसानं मला क्लच सोडताना पायाचं बोट कसं उचलायचं ते शिकवलं, उतारावर गिअर काढलास तर कानाखाली काढीन म्हणाला आणि एकदा काढलीही, त्यानंच मला बावीस वर्षं चोर करून ठेवलं होतं.

वस्ताद ओसरीत बसले होते. त्यांच्या जुन्या ट्रकची ड्रायव्हरची सीट त्यांनी ट्रक भंगारात जाताना काढून आणली होती, तीच चार विटांवर ठेवलेली. उजवा हात माझ्या शिकण्याच्या वर्षीच खांद्यातून गेला होता, तो मांडीवर पडलेला. मला बघून ते हसले.

"धोंड्या? आज हिकडं कसा? गाडी कुठं लावलीस?"

"वडापनं आलो."

"वडापनं?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय झालं?"

जैनबचाची, वस्तादांची बायको, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या परत आत जाईपर्यंत मी थांबलो. मग पुस्तक काढून त्यांच्या पुढ्यात धरलं.

"वस्ताद, हा नंबर कुणाचा?"

त्यांनी नाकारलं नाही. पुस्तकाकडे मात्र बघत राहिले.

"मला फसवलंत तुम्ही," मी म्हणालो. "बावीस वर्षं मी छाती काढून नाक्यानाक्यावर दाखवत आलो. कुणी नीट बघितलं असतं तर जेलात गेलो असतो."

"न्हाई बघितलं ना कुणी."

"आज बघितलं."

त्यांनी मान खाली घातली. मग सावकाश बोलायला लागले.

"तू अठराचा होतास. हेवीला वीस पुरी लागत्यात. माझा हात गेला, मालक म्हणला, वस्ताद, आठ दिवसांत माणूस द्या, न्हाईतर गाडी दुसऱ्याला देतो. गाडी गेली असती तर तू बी गेला असतास, मी बी. एजंट म्हणला, एखादा जुना नंबर असला तर पुस्तक करून देतो." ते थांबले. "नंबर घरात हुता."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू स्टेरिंगला हात लावला असतास?"

वेळ नव्हता, दोन वाजून गेले होते. मी शिंत्र्याचा कागद उघडला आणि कशासाठी आहे ते सांगितलं. वस्तादांना मराठी वाचता येत नसे, म्हणून म्हणाले, वाच.

मी वाचलं. मी, दस्तगीर बाबालाल मुलाणी, वय वर्षे त्र्याहत्तर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझा एकुलता एक मुलगा सिकंदर हा हयात असून हल्ली तो धोंडिराम मारुती खाडे या नावाने ओळखला जातो.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"एवढं न्हाई. मधलं तेवढं वाच."

"माझा एकुलता एक मुलगा सिकंदर हा हयात असून," मी वाचलं. वस्तादांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा डावा पाय सीटखाली किंचित हलत होता, क्लच दाबल्यासारखा. असं काही मागायला मी आलो होतो याची मला लाज वाटली. पण कागद मी खाली ठेवला नाही.

"आण शाई," ते म्हणाले.

शिंत्र्यानं शाईची डबी बरोबर दिलीच होती. वस्तादांनी डावा अंगठा उमटवला, नीट, दाबून, अजिबात न कचरता. आणि मग कागद हातात घेऊन बघत राहिले, वाचता येत नसलेल्या ओळींकडे.

"झालं तुझं काम?"

"झालं."

"मग जा. तीनची एसटी हाय. गाडी सोडू नको धोंड्या."

मी पाया पडलो. राग गेला होता असं नाही, पण पाया पडलो. वस्तादांनी कागद परत दिला. दारातून चाची माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाची, मला माफ करा," मी म्हणालो. "माझा नाइलाज आहे."

"कर बाबा, तुझं काम कर. लेकीबाळी हायत्या तुला." त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "एक विचारू का? तू ऑफिसात चाललायस म्हणून विचारते. त्याच्या लायसनच्या पुस्तकावर फोटो हुता. तेवढा एकच फोटो काढला हुता त्यानं जन्मात. हे म्हणाले, पुस्तक कफनाबरोबर गेलं. ऑफिसात त्या फोटोची दुसरी कापी असती का रं?"

माझा हात वरच्या खिशाकडे गेला.

"मला त्याचं तोंड आठवत न्हाई बघ आता. हात आठवतो, चालणं आठवतं. तोंड यायला लागतं आणि मधीच जातं. हे तुझ्याकडं बघून म्हणतात, असाच दिसायचा. मला काय ते पटत न्हाई. पण मलाच आठवत न्हाई तर भांडू कशी?"

"विचारतो ऑफिसात," मी म्हणालो आणि निघालो.

एसटीचा थांबा म्हणजे एक दगडी कट्टा होता. मी त्यावर बसलो. खिशातलं पुस्तक काढलं. माझ्या फोटोवरून अंगठा फिरवला. जाड लागत होता. कडेला नखानं चाचपलं तर दोन कडा लागल्या, एकाखाली एक. बावीस वर्षं पुस्तक प्लॅस्टिकच्या कव्हरात होतं, मी कधी हात लावून बघितलंच नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. खाली फोटो असेलच असं नाही, कागदाचा तुकडाही असेल. असला तरी डिंकानं खराब झाला असेल. आधी जमा करू, पोच घेऊ, मग मगदूम बाईंना विनवू, त्या काढून देतील. शिंत्र्या म्हणाला होता, गठ्ठ्यात जातात, मग रद्दीत. बाई भली आहे, देतील. मी असं बरंच काही स्वतःशी बोललो. त्यातलं मला काहीच पटत नव्हतं.

फोन वाजला. इंदू, माझी बायको.

"झालं का काम?"

"होतंय."

"मॅनेजरचा फोन आला होता. म्हणाला, उद्या दहाच्या आत. पलीकडच्या रूटचा तो पोरगा आलाय म्हणे चावी मागायला. तुम्ही आणताय ना?"

"आणतो."

"तुमचा आवाज का असा येतोय?"

"एसटी आली, ठेवतो," मी म्हणालो. एसटी खरोखरच आली होती.

दार उघडलं. दोन बायका उतरल्या. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी उठलो, दांडीला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला. पुढं ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्यानं गाडी न्यूट्रलला ठेवून पाय ब्रेकवर घट्ट दाबून धरला होता, चढावर ठेवतात तसा. चांगला ड्रायव्हर होता. उद्यापासून मी असा कधी बसणार नाही, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं.

"येताय का राहताय?" कंडक्टर म्हणाला.

"राहतो," मी म्हणालो.

तो काहीतरी पुटपुटला आणि त्यानं घंटी मारली. मी धुरात उभा राहिलो. मी मोठ्या मनाचा माणूस नाही. त्या वेळी मला रडू येत होतं आणि ते माझ्या टँकरसाठी येत होतं, दुसऱ्या कुणासाठी नाही. एसटीच्या मागं धावलो असतो तर वळणावर गाठली असती. पण पाय परत घराकडेच वळले.

चाची चुलीपाशी होत्या. मी म्हणालो, "चाची, थोडं पाणी उकळायला ठेवा."

"गाडी चुकली?"

"चुकली."

पाणी उकळलं. वाफ यायला लागली तसं मी पुस्तक उघडून त्यावर धरलं. हात भाजत होता. चाचींना वाटलं मला वेड लागलं. माझा फोटो आधी फुगला, मग त्याचा एक कोपरा सुटला. मी नखानं तो उचलला आणि हळूहळू ओढत गेलो. अठरा वर्षांचा, केसाला तेल लावलेला धोंडिराम खाडे सोलून निघाला. पुठ्ठ्यावरचा शिक्का ओला होऊन पसरला. ते पुस्तक आता कुठल्याही ऑफिसात चालणार नव्हतं.

खाली एक पोरगं होतं.

एक कान डिंकाबरोबर गेला होता आणि कपाळावर पिवळा डाग होता. बाकी सगळं शाबूत. निमुळता चेहरा, नुकती फुटलेली मिशी, हसू आवरून धरलेलं. माझ्यासारखा तो बिलकूल दिसत नव्हता. नाकही नाही, डोळेही नाहीत.

मी पुस्तक चाचींच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाला धरलं.

"शर्ट माझ्या भावाचा हाय," त्या म्हणाल्या. "फोटोला म्हणून मागून आणला हुता. कॉलर मोठी झाली त्याला."

मग त्या तिथंच चुलीपुढं बसल्या आणि त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. रडल्या नाहीत. फोटोवर हात फिरवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या, जणू कुणी मधेच हिसकावून नेईल. मी ओसरीत आलो.

वस्ताद सीटवर तसेच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पुस्तक फाडलंस," ते म्हणाले.

"फाडलं."

"आता रं?"

"आता काही नाही. तुम्हाला माहीत होतं, खाली आहे ते?"

वस्ताद समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"एजंटाला मी एकच बजावलं हुतं," ते म्हणाले. "त्याचा फोटो काढून टाकायचा न्हाई. वरनं लाव. तो म्हणला, जाड दिसंल. म्हणलं, दिसू दे."

"का पण?"

"हेवीचं पुस्तक हातात पडलं आणि आठव्या दिवशी गेला. एक खेप मारली न्हाई त्यानं. घाट बघितला न्हाई. दिवसभर पुस्तक खिशात घालून गावात हिंडायचा, दाखवायचा." त्यांनी मांडीवरचा निकामी हात दुसऱ्या हातानं उचलून सरळ केला. "मग तू गाडी चालवायला लागलास. म्हणलं, हिंडू दे जरा. कुठं कुठं जाऊन आलास तू. दर तीन वर्सांनी पुस्तक आलं की दोन दिस ठेवून घ्यायचो. दोघं बरोबर घरी आल्यागत वाटायचं."

मी त्यांच्या पायापाशी ओसरीच्या कडेवर बसलो. बावीस वर्षं छातीवरच्या खिशात काय घेऊन मी दोन दोन घाट उतरत होतो, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"चाचींना का नाही सांगितलंत?"

"तिनं मागून घेतला असता. गाडी थांबली असती तुझी."

मग ते म्हणाले, "त्यो कागद हाय का खिशात? मघाचा?"

"आहे. त्याचा आता काही उपयोग नाही, वस्ताद."

"तुला न्हाई. मला राहू दे."

मी कागद दिला. त्यांनी त्याची छोटी घडी घातली आणि सीटच्या फाटक्या रेक्झिनमध्ये सरकवून दिली.

शनिवारी दहा वाजता मी मॅनेजरच्या टेबलावर चावी ठेवली. का ते सांगितलं नाही. दोन वर्षं संघाच्या आवारात दुधाचे क्रेट उचलले. ज्या टँकरचा आवाज मी फर्लांगावरून ओळखायचो तो रोज माझ्यासमोरून जायचा आणि तो पलीकडच्या रूटचा पोरगा दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना दातावर दात घासल्यासारखा आवाज काढायचा. मी मान वळवायचो. इंदू सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिची काही चूक नव्हती. मगदूम बाईंनी काय केलं ते कळलं नाही. पोलीस कधी आले नाहीत.

वस्ताद त्याच उन्हाळ्यात गेले. मातीला गेलो होतो. चाचींनी फोटो चौकटीत घालून भिंतीला लावला होता, पुठ्ठ्यासकट, पसरलेल्या शिक्क्यासकट.

कच्चं लायसन काढलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. परीक्षेच्या मैदानावर अठरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत उभा राहिलो. लोक समजत होते, मुलीला घेऊन आलोय. नियम असा की आधी हलकी गाडी, मग वर्षानं जड. माझा नंबर आला. साहेब तरुण होते, हातात फॉर्म. जीपमध्ये माझ्या शेजारी बसले.

"याआधी गाडी चालवलीय कधी?"

बावीस वर्षं. दोन घाट रोज.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

"घ्या मग. सावकाश."

मी पायाचं बोट उचलून क्लच सोडला. जीप निघाली, पाण्यावरून निघाल्यासारखी. आठचा आकडा काढला, चढावर थांबवली, परत उचलली. मागं इंचभरही सरकली नाही. साहेब फॉर्मवर लिहायचे थांबले आणि माझ्या पायांकडे बघायला लागले.

"कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

"वस्ताद होते एक. दस्तगीर मुलाणी, तळखडीचे."

"ड्रायव्हिंग स्कूल आहे का त्यांचं?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी दोघांनाच शिकवलं. मला आणि त्यांच्या मुलाला."